उसनं विरजण

"सर, अम्माच्या पेशी पुरुषाच्या निघाल्या," असं म्हणून लिजी समोरच्या खुर्चीवर बसली. डॉ. अच्युतनच्या हातात पळमपोरी होती, पिकल्या केळ्याचं लांबट भजं, नुकतंच कढईतून निघालेलं, आणि एक घास तोंडात. तो घास त्यानं कसाबसा गिळला. सकाळची ओपीडी संपल्यावरची कॅन्टीनमधली ही थोडी मिनिटं त्याची स्वतःची असत. काळा चहा, एक भजं, आणि कुणी काही विचारायचं नाही. लिजी त्याच्याकडे पीएचडी करत होती, तिला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती कधी इथं फिरकत नसे. आज आली होती आणि मोबाइलवरचं छायाचित्र त्याच्या चहाशेजारी धरून बसली होती. काळ्यावर निळे अंडाकृती ठिपके, म्हणजे पेशींची केंद्रकं, आणि प्रत्येक निळ्याच्या आत एकेक हिरवं टिंब. पुरुषाकडेच असणाऱ्या गुणसूत्राला चिकटणारा तो रंग. बाईच्या पेशीत त्याला चिकटायला जागाच नसते. "पुन्हा करून बघ," तो म्हणाला. "तीनदा केलं, सर. पहिल्यांदा वाटलं मीच काही गाढवपणा केला." "कुणी सांगितली होती ही चाचणी?" त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला स्वतःची लाज वाटली, कारण सांगितली होती त्यानंच. औषध माणसांना देण्याआधी पेशी ज्याच्या म्हणतो त्याच्याच आहेत एवढं दाखवावं लागतं. नुसती औपचारिकता. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघतो तसा. त्यानं भजं बशीत ठेवलं. अर्धं राहिलेलं ते भजं त्याला मग दिवसभर आठवत राहिलं, उगाचच, जणू तेवढं खाऊन झालं असतं तर बाकीचं झालं नसतं.

उद्या कर्किडक महिन्यातली अमावास्या, वावु, म्हणजे सगळ्या तिरुवनंतपुरमला सुट्टी. माणसं पहाटेच समुद्रावर जाऊन आपापल्या मेलेल्यांना पिंड देणार. आणि परवा सकाळी सहाव्या मजल्यावरच्या सुहराला पहिली गोळी द्यायची होती. पहिली बाई. तिच्यामागे आणखी बायका रांगेत होत्या, साऱ्या बायपास झालेल्या, साऱ्यांच्या शिरा पुन्हा बुजत चाललेल्या. औषध फक्त बायकांसाठी होतं, आणि ते का, तर अच्युतननं दाखवून दिलं होतं म्हणून. बायपासला पायातली शीर काढून हृदयावर लावतात. त्या बिचारीला एवढा दाब सोसायची सवय कुठली? ती धसकते. भिंतीतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडू लागतात, जाड व्हा, वाढा, धरून ठेवा. काम चोख होतं, पण पुरे झालं असं म्हणणारं कुणी नसतं. सांभाळता सांभाळता भिंत आत आत सरकते आणि मधली वाटच राहत नाही. बुजवणारा कुणी वैरी नसतो, हेच अच्युतनला तरुणपणी विलक्षण वाटलं होतं आणि त्यानं उभा जन्म त्या एका निरोपामागे घातला होता. पुढे त्याला सापडलं की बाईच्या शिरेत हा निरोप वेगळ्या वाटेनं जातो, आणि ती वाट अडवता येते. इतर बायकांच्या पेशी तबकडीत थोड्या वाढून थकून जात. उंदरांच्या माद्यांत निकाल अर्धामुर्धा. खणखणीत निकाल दिला तो एकाच बाईच्या पेशींनी. ती बाई त्याची आई होती, भार्गवी अम्मा.

शीर कापून झाल्यावर बोटभर तुकडा उरला होता. ऑपरेशनआधीच त्यानं विचारून ठेवलं होतं, भीत भीत, आणि अम्मा हसली होती. "घे की. मी कधी केळ्याची साल टाकली का?" खरंच टाकली नव्हती. कच्च्या केळ्याची भाजी करायची आणि सालींची बारीक चिरून, चवळी घालून, सुकी भाजी, तोरन. पेजेचं पाणीसुद्धा वाया जायचं नाही. साड्यांना जायचं, गाईला जायचं, उरलं तर त्याला जायचं. शाळेतून आला की तो तिच्या पाठोपाठ चुलीपासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून चुलीपर्यंत हिंडे, तेव्हा शेजारणींना ती सांगे, "हा अजून माझ्यातून पुरता बाहेर आलेला नाही." त्याचा कान तापे. मोठी बहीण, रमणी चेच्ची, तेवढ्यावरून त्याला महिनाभर पिडे. त्या तुकड्याची त्यानं स्वतः चिरफाड केली, विद्यार्थ्याला हात लावू दिला नाही, आणि बाटलीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'अम्मा'. वर्ष सरायच्या आत तिच्या छातीतली ती शीर भिंतीभिंतीनं बुजली. मुलगा शहरातला नावाजलेला हृदयरोगतज्ज्ञ आणि आई शिरेनं गेली. लोक तोंडावर म्हणत नसत, चेच्चीनं तोंडावर म्हटलं होतं. पण लॅबमधल्या पेशी वाढवायच्या पेटीत अम्मा जिवंत होती. सदतीस अंशांच्या दमट उबेत, गुलाबी रसात, पसरत, दुणावत. लॅबमध्ये त्याची थट्टाच होऊन बसली होती. संध्याकाळी तो फोन करून विचारायचा, "अम्मा जेवली का?" आणि जो कोणी असेल तो सांगायचा, "जेवली, सर. ताट स्वच्छ." दर वावुला चेच्चीचा फोन यायचा, शंगुमुखमच्या किनाऱ्यावर येतोस का म्हणून, आणि दर वावुला त्याला काहीतरी काम निघायचं. चेच्चीला वाटे, शिकलेल्याचा माज. तसं नव्हतं. जी जिवंत आहे तिचा पिंड कसा ठेवायचा, एवढीच त्याची अडचण होती, आणि ही अडचण कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तो हुशार माणूस होता. हुशार माणसं असल्या गोष्टी मनात फार काळजीनं जपून ठेवतात.

दुपारी तो लॅबमध्ये गेला. खाली तळघरात, खिडकी नसलेल्या त्या खोलीत, वर पाऊस पडतोय की थांबलाय ते कधी कळत नसे. पेटीचं जाड दार उघडलं की आत काचेचं दुसरं दार, आणि ते उघडलं की तोंडावर गरम ओला वास, आजारी मुलाच्या कपाळासारखा. बाटल्या होत्या तशाच होत्या. त्यानं एक उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लांबट, एकाच दिशेनं कललेल्या, वाऱ्यानं झोपलेल्या भातासारख्या पेशी. गेली सहा वर्षं हे कललेपण त्याला ओळखीचं वाटत आलं होतं; अम्मा डावीकडे झुकून चालायची. किती मूर्ख असतो माणूस, त्याला वाटलं, आणि तरीही बाटली त्यानं आजही सावकाशच ठेवली. लिजी मागं येऊन उभी राहिली होती. "सर, एक विचारू?" "विचार." "मूल पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या अंगात जातात ना? जन्मभर राहतात. मुलगा असला तर..." ती अडखळली. "तुमच्याच तर नसतील?"

बंद खोलीत कुणी खिडकी फोडावी तसं त्याला झालं. तो स्टुलावर बसला. त्याच्याच. त्याच्याच असतील. अम्माच्या शिरेच्या भिंतीत तो राहिला असेल, पुरता बाहेर न आलेला, तिच्या रक्ताच्या कडेकडेनं, ती भात रांधत होती तेव्हा, ती ऑपरेशनच्या टेबलावर होती तेव्हा, आणि ती गेल्यावर तिथून निघून या बाटलीत. म्हणजे त्यानं वाढवलं ते स्वतःलाच, पण तिच्या घरात वाढलेल्या स्वतःला. यात खोटं काय होतं? शोधनिबंध मागं घ्यायला नको, उलट नवा लिहिता येईल, आणि तो पहिल्यापेक्षा गाजेल. संचालकांनी परवासाठी वर्तमानपत्रवाले बोलावून ठेवलेत त्यांना तर पंचपक्वान्नं. लिजीचा प्रबंध तरेल. तिचं लग्न प्रबंधावर अडलंय, कोट्टयमला तिचे पप्पा दर रविवारी चर्चमधून आल्यावर तिला फोन करून तेच विचारतात. सुहराला गोळी मिळेल. सगळ्यांचं भलं. "गालाच्या आतून कापसानं पुसून द्या, सर," लिजी म्हणत होती, "मी ताडून बघते, चार दिवसांत कळेल." "बघू," तो म्हणाला. "वावु होऊन जाऊ दे." लिजीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली, आणि त्या मान घालण्यावरून त्याला समजलं की हिला ठाऊक आहे. ती काही भोळी नव्हती. पोटातल्या मुलाच्या पेशी उरतात त्या हजारांत एखादी. इथं प्रत्येक निळ्यात टिंब होतं, एकही घर रिकामं नव्हतं. पोरीनं त्याला वाट दाखवली नव्हती, दया दाखवली होती.

मग कुणाच्या? हा प्रश्न तो सकाळपासून स्वतःला विचारत होता, आणि उत्तर सकाळीच ठाऊक होतं, भजं बशीत ठेवलं तेव्हाच. अम्मा गेली त्या आठवड्यात घरात पुला होती, सुतक. सोळा दिवस घराबाहेर पडायचं नाही, चेच्ची दाराशी पहारा असल्यासारखी बसलेली. तो मागच्या दारानं, विहिरीवरून, कमरेच्या ओल्या मुंडूनिशी निसटून लॅबमध्ये आला होता. अम्माच्या बाटलीत पेशी तळ सोडून सुटत होत्या. गोल होऊन, तरंगत, मरत. त्याला ते सहन होईना. एकदा गेली, आता इथूनही जाते की काय. शेजारच्या कप्प्यात चालाई बाजारातल्या एका हमालाच्या शिरेतल्या पेशी होत्या, मरणाच्या दांडग्या. दर दोन दिवसांनी बाटली ओसंडायची. आणि त्याला अम्माचं विरजण आठवलं. घरचं दही बिघडलं की ती वाटी देऊन त्याला शेजारच्या पारुकुट्टी अम्माकडे पिटाळायची, जा, त्यांचं चमचाभर घेऊन ये. दूध आपलं, विरजण त्यांचं. या धंद्यातही तसं करतात. पेशी वाढताना रसात आपले निरोप सोडत असतात, वाढा, जगा. तो उष्टा रस दुबळ्या पेशींना पाजला की त्या धरतात. फक्त तो रस बारीक चाळणीतून गाळून घ्यायचा असतो, नाहीतर निरोपांबरोबर निरोप्याही येतो. गाळायचं, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगतात. त्यानं गाळलं नाही. चाळणीत काहीबाही अडकून राहतं, सत्त्व राहतं, आणि त्याला त्या रसातलं सगळंच्या सगळं अम्माला द्यायचं होतं, काही म्हणता काही वाया जाऊ द्यायचं नव्हतं. वरवरचं निवळ घेतलं की झालं, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि ओतलं. तिसऱ्या दिवशी तळाशी लांबट पेशी धरलेल्या दिसल्या. तो त्या खिडकी नसलेल्या खोलीत रडला होता, आनंदानं. पुढच्या आठवड्यात पहिल्या कुप्या गोठवल्या, आणि आजवरची सगळी अम्मा त्या कुप्यांतून पुन्हा पुन्हा उठवलेली. त्याच्या आधीची एकही कुपी नव्हती. आयुष्यभर त्यानं विद्यार्थ्यांना एकच गोष्ट शिकवली, पेशी एकमेकींना काय सांगतात ते ऐका, आणि स्वतः ऐकायची वेळ आली तेव्हा त्यानं आईचा आवाज ऐकला होता. दूध होतं ते नासून गेलं होतं, लागलं होतं ते नुसतं विरजण, हमालाचं.

संध्याकाळी तो सहाव्या मजल्यावर गेला. लिफ्टनं न जाता जिन्यानं गेला, म्हणजे उशीर होईल. सुहरा पलंगावर मांडी घालून बसली होती, डोक्यावरून पांढरा तट्टम, हातात सुनेनं आणलेली पत्तिरी, तांदळाची पातळ भाकरी. विळिंजमच्या बंदरावर जन्मभर मासळी विकलेली बाई. आवाज वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. "ये, मोने," ती म्हणाली. सगळ्या डॉक्टरांना ती मोने म्हणे, बाळा म्हणे, संचालकांनासुद्धा. "चेहरा का असा? परवा गोळी मी खायचीय, तू नाही." "उम्मा," तोही तिला तिच्या घरच्यासारखं आईच म्हणे, "थोडं बोलायचंय." "बोल. पण आधी मी सांगते. ही आमची सून घाबरत होती, म्हणे आधी कुणाला दिलीय का, काही होईल का. मी म्हटलं, अगं, नर्स काय सांगते ऐकलंस ना? या डॉक्टरनं स्वतःच्या अम्माच्या शिरेवर पारखून घेतलंय. आईवर लबाडी करील असा पोरगा नसतो. म्हणून अंगठा दिला, नाहीतर मी कुणाच्या बापाचं ऐकते?" सून ओशाळून हसली. अच्युतन उभाच होता. खोलीच्या भिंती पांढऱ्या होत्या, नुकताच रंग दिलेल्या, आणि त्याला वाटलं त्या सकाळपेक्षा जवळ आल्यात. अजूनही काही बिघडलं नव्हतं. मान हलवायची, नाडी बघायची, शुभ रात्री म्हणून जायचं. जिना होताच.

"ती शीर अम्माची नव्हती, उम्मा," तो म्हणाला.

सुहरानं पत्तिरी खाली ठेवली. मग त्यानं सांगितलं. तिला समजेल असं सांगायचं म्हणून विरजणाचं सांगितलं, आणि सांगताना त्याच्या लक्षात आलं की याहून सरळ त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. चुकून दुसऱ्याच्या पेशी मिसळल्या, त्या वाढल्या, आपण त्यांनाच अम्मा समजलो. औषध बायकांना लागू पडतं असं जे म्हटलं ते एका पुरुषावरून म्हटलं. म्हणून परवा गोळी नाही, कुणालाच नाही. सून त्याच्याकडे बघत राहिली. सुहरा पदरानं बोटं पुसत राहिली, एकेक बोट, सावकाश. "म्हणजे इतकी वर्षं तू जेवायला घालत होतास कुणाला?" तिनं शेवटी विचारलं. हेही नर्सनं सांगितलेलं दिसत होतं. "चालाईतल्या एका हमालाला." "बरंच झालं," सुहरा म्हणाली. "हमाल उपाशी नाही राहिला." ती हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली, आणि धाप ओसरेपर्यंत सून तिची पाठ चोळत राहिली. मग तिनं त्याचं मनगट धरलं. मासळीच्या टोपल्या उचललेला हात, अजून घट्ट. "आणि माझं काय, मोने?" दुसरं ऑपरेशन तिला झेपणारं नव्हतं, हे तिला त्यानंच सांगितलं होतं, आणि म्हणून तर ती रांगेत पहिली होती. "दे ना ती गोळी," ती म्हणाली, आता हळू. "खोटी असली तर असू दे. बाटलीतली तुझी अम्मा जात होती तेव्हा तू बघितलंस का खरं-खोटं? मिळेल ते ओतलंस की नाही?" "ओतलं," तो म्हणाला. "मग?" "म्हणूनच नाही देत, उम्मा." तिनं मनगट सोडलं नाही. तो ओढूनही घेईना. तिला राग आलेला त्याला हातात समजत होता, आणि तो राग खरा होता, आणि त्याला वाटलं आपण आज एका बाईची वाट बुजवली. कुणी वैरी नसताना. बऱ्याच वेळानं तिनं त्याचा हात पलंगावर ठेवला, एखादी वस्तू परत करावी तसा. "घरी सोड मला," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "इथं जेवण बेचव असतं."

संचालकांना त्यानं जिन्यातच फोन केला. ते आधी ओरडले, मग विनवू लागले, चार दिवस थांबा, तुमची स्वतःची चाचणी येऊ द्या, मुलाच्या पेशी असतात म्हणे आईत. तेही वाचून बसलेले. अच्युतननं नाही म्हटलं आणि मग तो खाली तळघरात गेला. लिजी गेली होती, जाताना पेटीवर चिठ्ठी लावून, अम्मा जेवली, ताट स्वच्छ. तिनं हे सवयीनं लिहिलं होतं की मुद्दाम, त्याला कळेना. त्यानं बाटली बाहेर काढली. लांबट पेशी, वाऱ्यानं झोपलेल्या, एका दिशेला कललेल्या, दांडग्या. हमाल असेच कलून चालत असतील, ओझ्यानं. त्या पेशींचा काय दोष? त्यांना कुणीतरी ओतलं आणि त्या धरल्या. बाटली परत उबेत ठेवून त्यानं दार लावलं आणि वर आला. बाहेर अंधारून आलं होतं. पाऊस पडून गेला होता. रस्त्यापलीकडच्या घरात कुणीतरी रामायण वाचत होतं, कर्किडकात संध्याकाळी वाचतात तसं, एकसुरी, न थांबता. छत्री वरच राहिली होती. आणायला परत जावं असं त्याला वाटलं नाही. हॉस्पिटलच्या फाटकाशी उभं राहून त्यानं चेच्चीला फोन लावला.

"बोल," ती म्हणाली. मागं कुठं तरी दर्भ मोजण्याचा, भांड्यांचा आवाज. दरवर्षी तीच फोन करायची. या वर्षी तिनं केला नव्हता, तिनं आशा सोडली असणार. "चेच्ची, उद्या किती वाजता निघायचं शंगुमुखमला?" भांडी थांबली. "तू येणार? आज काय झालं तुला?"

"अम्मा गेली, चेच्ची."

फाटकातून एक रुग्णवाहिका आत आली आणि तो बाजूला सरला. चेच्चीनं कधी असं विचारलं नाही, कशी असंही विचारलं नाही. त्याला तिचा श्वास ऐकू येत होता, सावकाश, जाडसर. तिलाही चालताना हल्ली धाप लागायची, तपासून घे म्हटलं की ती तुझ्या हॉस्पिटलात नको म्हणायची. "बरं," ती शेवटी म्हणाली. "पहाटे ये. पिंड द्यायच्या आदल्या दिवशी एकदाच जेवायचं असतं, ठाऊक आहे ना? आता काही खाऊ नकोस."

"नाही खात," तो म्हणाला.